उभ्यानं मांडे करणारी

माझी बायको गेली तेव्हा तेराव्याला लोक म्हणाले, फार सोसलं बिचारीनं. खोटं आहे ते. तिनं सोसलं कमी आणि हसली जास्त. सोसायचं काम आमच्याकडं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सारं आयुष्य केळीबागेत गेलं, मला गोड लिहिता येत नाही. पण त्या दिवशी लोक ज्या बाईबद्दल बोलले ती माझ्या ओळखीची नव्हती, म्हणून बसलो लिहायला.

तिचं नाव सुभद्रा. त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, आमच्यात तशी पद्धतच नव्हती. मी ‘ऐकलं का’ म्हणायचो, ती ‘आवो’ म्हणायची. सावद्याची आमची सगळी आळी तिला अक्का म्हणायची, तिच्याहून मोठ्या बायासुद्धा. अंगानं आडवी होती आणि आवाजानं उभी. गोष्ट सांगायला लागली की शेवटाचं हसू आधीच यायचं, मग गोष्ट राहायची बाजूला आणि ऐकणारे तिचं हसणं बघून हसायचे. कुणाच्याही घरात शिरायची, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढायची, बोटानं चव घ्यायची आणि विचारल्याशिवाय मीठ टाकायची. सुना तिला घाबरायच्या, पण ती गेली की ती भाजी आधी संपायची.

दुखणं तिला पाहुण्यासारखं वाटायचं. म्हणायची, दुखणं आलं त त्याले चहा पाजू नका, चहा पाजला की ते बसून राह्यते. स्वतःच्या पाठीला तिनं पुष्कळ वर्षं चहा पाजला नाही. केळीचे घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आणले, कमरेला ओटी बांधून कापूस वेचला, तीन बाळंतपणं केली, आणि वर लोकांच्या लग्नांत मांडे केले.

मांडे ही तिची खरी दौलत. जो आमच्या भागातला नाही त्याला सांगतो. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटण्यावर भागत नाही. पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. खापर चुकलं की मांडा गेला. बाई चुलीपुढं पाटावर बसते, खाली जाळ, वर खापर, आणि हात हवेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि आंब्याच्या रसासोबत मांडे खातात. अक्काचा मांडा असा पातळ निघायचा की त्यातून पोरगी पलीकडच्या बहिणीला वेडावून दाखवायची. भाऊकीत लग्न ठरलं की आधी अक्काला विचारायचे, मग ब्राह्मणाला.

साठी ओलांडली आणि तिचे पाय कुरकुरायला लागले. पाठ दुखायची, त्याचं तिला काही नव्हतं. पण चार घरं चालली की पायांत मुंग्या, पोटऱ्या जड, आणि मग जिथं असेल तिथं वाकून उभी राहायची. वाकली की बरं वाटायचं. सरळ झाली की पुन्हा तेच. बसून चुलीपुढं वाकून ती दिवसभर काम करायची, त्याचा काही त्रास नव्हता. त्यामुळे घरात कुणाला खरं वाटेना. सून म्हणाली, आई, कामाला दुखत नाही आणि चालायलाच कसं दुखते. अक्का म्हणाली, तेच मी तुले विचारू राह्यली.

मग तिनं माझी सायकल धरली. बसायला येत नव्हतं, आयुष्यात बसली नाही. हँडल दोन्ही हातांनी धरायची, त्यावर ओणवी व्हायची आणि ढकलत निघायची. सायकलीशिवाय दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारी बाई सायकल घेऊन अख्खा आठवड्याचा बाजार फिरून यायची. कॅरिअरवर भाजीची पिशवी, मागं दोन कुत्री. लोक विचारायचे, अक्का, शिकली का सायकल. ती म्हणायची, शिकून झाली, आता तिले चालणं शिकवू राह्यली. मी मात्र शेतात पायी जायचो. माझी सायकल मला आखाजीपर्यंत परत मिळाली नाही.

जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी वजनं लावली. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याच्या चाकावरून खाली आणि टोकाला वजन. पडून राहायचं, हलायचं नाही. तिसऱ्या दिवशी माझे थोरले भाऊ, आबा, तिला बघायला आले. आता आमच्यात भावजय जेठापुढं खाटेवर बसत नाही, झोपणं तर लांबच. आबांच्या खोकल्याचा आवाज दारात आला आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत ही बाई वजनांसकट खाली उतरली. दोरी चाकातून निसटली, वजनं फरशीवर आदळली, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी राम राम म्हणायला लागली. नर्स धावत आली तर अक्का फरशीवर बसलेली, डोक्यावर पदर, कंबरेला पट्टा, आणि आबांना विचारतेय, चहा घेता का.

डॉक्टर फार रागावले. मला म्हणाले, मोठ्या माणसांना आत सोडू नका. आता आबांना हे सांगणार कोण. मी सांगितलं, दुसरं कोण सांगणार. तरी आबा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, दारातून खोकले, आणि आत आले ते उलटे. पाठमोरे चालत आले, स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसले, आणि भिंतीला म्हणाले, “कशी आहे तब्येत?” खाटेवरून अक्का म्हणाली, “बरी आहे.” आबांनी भिंतीला पावसापाण्याचं सांगितलं, कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागणीच्या, केळीला भाव कसा आहे ते सांगितलं, आणि तसेच उठून भिंत बघत गेले. रोज यायचे. मरेपर्यंत ती म्हणायची, आबांनी माझा असा मान ठेवला, की देवालाही कुणी असा मान देत नाही, लोक देवाकडं तोंड करून बसतात.

वजनांनी काही झालं नाही. घरी आलो. थंडीचे दिवस होते. एक दिवस चुलीतला निखारा उडून तिच्या पायावर पडला आणि तिला कळलं नाही. कातडी भाजल्याचा वास सुनेला आला, तिला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली नाही. पाय पुसला, तेल लावलं आणि बघत बसली, जसा तो दुसऱ्या कुणाचा पाय आहे. तिची चप्पल पायातून गळून पडायची आणि ही पुढं निघून जायची, ते आम्हाला आधी गमतीचं वाटत होतं.

धुळ्याला देवपुरात एक मणक्याचे डॉक्टर होते, तिथं नेलं. तरुण माणूस, बोलायला सरळ. पाठीत सुई घालून रंग सोडला आणि फोटो काढले. मग त्यांनी तिला विचारलं, आयुष्यभर कामं काय काय केली. ती म्हणाली, “बापू, काय नाही केलं ते विचारा, लवकर आटपीन.” डॉक्टरांनी सायकलीचं ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, मणक्यातून नसा जायची वाट अरुंद झाली आहे, वाकलं की ती जरा उघडते आणि सरळ झालं की आवळते, म्हणून सायकल धरून चालता येतं. ऑपरेशन करून वाट मोकळी करावी लागेल, नाहीतर पाय जातील, निखाऱ्याचं झालं ती सुरुवात आहे. तिनं विचारलं, ऑपरेशन केल्यावर सगळं पहिल्यासारखं होईन ना. डॉक्टर म्हणाले, पाय वाचतील असं वाटतं. पण या वयात, या पाठीला, खाली बसून वाकून चुलीपुढचं काम पुन्हा नाही.

“कायमचं नाही?”

“कायमचं.”

आमच्या मुलाला, गावाला, सगळ्यांना एकच भीती होती की मणक्याला सुरी लागली की माणूस लुळा होतो. ती भीती तिलाही होती. पण तिला त्याहून मोठी अडचण ही दिसली की एका हातात पाय आणि दुसऱ्या हातात खापर, आणि दोन्ही धरून ठेवता येत नाही. तो सगळा दिवस ती गप्प होती. मी तिला तेवढा वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं, मला करमेना.

तिथं तिला दाखल करून घेतलं होतं, त्या खोलीत सगळ्या म्हाताऱ्याच होत्या, पाठीच्या दुखण्याच्या. अक्कानं पहिल्या दोन दिवसांत तिथं एक खेळ सुरू केला होता. दारातून नवीन बाई आत आली की तिच्या वाकण्यावरून ओळखायचं की हिनं आयुष्यात काय काम केलं. एका बाजूला कललेली म्हणजे कमरेवर हंडा. पुढं वाकलेली म्हणजे निंदणी. मान पुढं म्हणजे शिलाई मशीन, नाहीतर शाळेतली बाई. ओळखता आलं नाही की सगळ्या मिळून त्या बाईलाच विचारायच्या आणि तिला बसवून घ्यायच्या. डॉक्टर एकदा आत आले तर सगळ्यांनी मिळून त्यांचं ओळखलं, उभं राहून वाकायचं काम, आणि त्यांना सांगितलं, बापू, वेळेवर सांभाळा.

शेजारच्या खाटेवर नरडाण्याकडच्या गंगूबाई होत्या, अहिराणी बोलणाऱ्या, आयुष्यभर भारे वाहिलेल्या. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. अक्का गप्प बसलेली त्यांना बघवेना. म्हणाल्या, “मन्ही बी पाठ तशीच शे व माय. बठ्ठी उमर भारा वाहामा गई. तू घाबरस का?”

“घाबरते ना,” अक्का म्हणाली. “पन मरायले नाही. रिकाम्या हाताले घाबरते.”

गंगूबाईंनी आपल्या पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातात ठेवला. म्हणाल्या, मंग आते हात रिकामा नही शे. आणि दोघी एकदम हसायला लागल्या, पाठीला धक्का बसेल म्हणून एकमेकीला हसू नको हसू नको म्हणत.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तर ती नर्सच्या औषधाच्या टेबलाकडं बघत होती. मला म्हणाली, आवो, त्या टेबलाची उंची पाहून घ्या. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

“चूल एवढी वर आणता येईन का?”

मी म्हणालो, “चूल कोणी वर आणते का? डोकं गेलं का तुझं?”

“कंबर गेली, डोकं आहे. मी खाली जाऊ शकत नाही त चुलीनं वर यावं. इतकी वर्षं मीच जात होते तिच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगितलं, करा ऑपरेशन. आणि त्यांनाही चुलीचं विचारलं. ते म्हणाले, उभं राहून, पट्टा लावून, थोडा वेळ, चालेल. नर्सचं टेबल मोजलं ते मीच, वितीनं. नर्स माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर मी आणि मुलगा बसलो होतो. काय वाटलं ते लिहीत नाही. पुष्कळ वेळानं आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर तिच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचत होते. ती अजून अर्धवट गुंगीत होती. डोळे मिटूनच म्हणाली, “कोन आहे रे तो मेला, चिमटे काढू राह्यला?” डॉक्टर हसले. मी बाहेर गेलो आणि नळावर तोंड धुतलं.

घरी आली ती पट्टा घालून. रुंद, कडक, छातीखालून कंबरेपर्यंत. लुगड्यावरून घालायची आणि येईल त्याला दाखवायची. माझ्याकडं बघून सांगायची, लग्नात यांनी कंबरपट्टा घातला नाही, तो शेवटी डॉक्टरनं घातला. वाकायचं नाही म्हटल्यावर ती अजिबात वाकायची नाही. हातातून चमचा पडला की त्याच्यावर राखणदारासारखी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडायची. असं करत तिनं आळीतल्या सगळ्या लोकांना वाकायला लावलं. सरळ उभी राहिली तेव्हा कळलं की ती माझ्याहून उंच आहे. इतकी वर्षं वाकलेली असल्यामुळं आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

मी गोठ्याच्या बाजूला विटा-मातीचा ओटा घातला, वितीच्या मापाचा, आणि वर चूल. पहिल्यांदा धूर सरळ तिच्या तोंडावर. मग वरची कौलं काढली. आळीतल्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, अक्का, आता तू गॅसवाली झाली. आबा आले, ओटा बघितला, म्हणाले, चूल जमिनीवर असते, ओट्यावर देव असते. अक्का पदर घेऊन दाराआडून म्हणाली, त्यांना सांगा, दोन्ही एकाच जागी ठेवले, म्हणजे उदबत्तीचा खर्च वाचला.

आखाजी आली. दोन्ही पोरी माहेरी आल्या, झोके बांधले, आंबे आले. सून म्हणाली, आई, यंदा आम्ही करतो. अक्कानं तिला रस पिळायला पाठवलं आणि पट्टा आवळून ओट्यापुढं उभी राहिली. बायका दारात, पोरी खिडकीत, मी गोठ्यात म्हशीमागं, पण बघत होतो.

पहिला मांडा हातावरच फाटला. पुरण ओट्यावर. दुसरा खापराच्या काठावर पडला, अर्धा वर अर्धा खाली, आणि दुमडून जळला. मला समजलं काय होतंय ते. बसून करताना तिची कोपरं गुडघ्यांवर टेकलेली असायची, गुडघ्यांवरून हात हलायचे. आता खाली गुडघे नव्हते, हात लोंबकळत होते. थोरली पोर म्हणाली, आई, पुरे आता. अक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती तशीच उभी राहिली, हाताला पीठ, कपाळावर घाम, आणि मला तिच्या पाठीवरून कळलं की ही आता रडेल. ती रडली नाही. तिनं कोपरं मागं घेतली, पट्ट्याच्या वरच्या कडक काठावर टेकवून बघितली, हलवून बघितली. टेकत होती.

“उंडा दे व,” ती सुनेला म्हणाली.

मग तो तिच्या हातांवर वाढत गेला. पालथा, उलथा, मनगट, मनगटाच्या वर, कोपर. इतका मोठा झाला की तिचा चेहरा त्याच्यामागं गेला आणि त्यातून फक्त दात दिसले. टाकला. खापरावर बरोबर बसला, कुठं सुरकुती नाही. बायका ओरडल्या नाहीत, एकदम बोलायला लागल्या, सगळ्या एकाच वेळी, आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. आबांनी त्या दिवशी चार खाल्ले. जाताना ओट्याकडं बघून हात जोडले. देवाला की चुलीला ते त्यांनाच माहीत.

त्यानंतर लग्नाला तिला बोलवायचं असेल तर आधी ओटा घालावा लागायचा. रावेर तालुक्यात किती तरी गोठ्यांत अजून ते ओटे असतील. पाठीच्या दुखण्याच्या म्हाताऱ्या आमच्याकडं यायच्या, विती लावून उंची मोजायच्या, आणि अक्का त्यांना आधी तो ओळखण्याचा खेळ खेळायला लावायची. चव बघून मीठ टाकणं सुटलं नव्हतं. फक्त आता खालच्या चुलीवरचं भांडं कुणाला तरी वर उचलून धरावं लागायचं.

ती पाठीनं गेली नाही. माहेरी तिच्या भावाच्या नातीचं लग्न होतं, तिकडं मांडे करायला गेली. सगळं नीट झालं म्हणतात, पंगत वाखाणत उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. ते मी बघितलं नाही. मला लोकांनी सांगितलं, लोकांनी आणलं तिला. मी जे बघितलं ते चार दिवस आधीचं.

न्यायला ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीत आळीच्या बायका बसल्या होत्या, मधे खापर, गोधडीत बांधलेलं. ही बसायला तयार नाही. डॉक्टरनं सांगितलं आहे, बसून धक्के खायचे नाहीत. पुढचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी म्हणालो, पडशील. ती म्हणाली, “पडली त उचलायले एवढ्या बाया आहेत. आवो, दुधावर झाकन ठेवा, मांजर फिरू राह्यली.” आणि ड्रायव्हरला म्हणाली, हाक रे भो.

ट्रॉली निघाली. आमच्या गल्लीतून बाहेर पडली आणि नव्या लागणीच्या केळीच्या कडेनं वळली. बसलेल्या बाया पानांआड गेल्या. ती एकटी वर दिसत होती, ताठ. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर मागं गेला, तिनं तो सावरला नाही, दोन्ही हात दांड्याला होते. पांढरे केस उडत होते. काहीतरी सांगत होती बायांना, कारण मधेच तिचे खांदे हलले, गोष्ट संपायच्या आधीच.

ती दिसेनाशी झाली तोवर मी तिथं उभा होतो. मग आत गेलो आणि दुधावर झाकण ठेवलं.